डीएनए खरं बोलेल, पण नमुना कुणाचा घेणार?

बलात्कार आणि खुनाच्या तपासात डीएनए चाचणी हवीच. खरा गुन्हेगार सापडतो, आणि भलताच कुणी अडकला असेल तर त्याची सुटकाही होते. माझी काळजी वेगळी आहे. हे नमुने कुणाचे गोळा होणार?

२०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने पोलिसांना ठसे, बुबुळांचे स्कॅन आणि रक्तासारखे जैविक नमुनेही घेता येतात. नोंदी एनसीआरबीकडे, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे, तब्बल ७५ वर्षं राहतात. गुन्हा स्त्री किंवा बालकाविरुद्धचा नसेल आणि शिक्षा सात वर्षांहून कमी असेल, तर अटकेतला माणूस जैविक नमुना द्यायला नकार देऊ शकतो, अशी तरतूद आहे. पण हे त्याला ठाण्यात कोण सांगणार? घरफोडी झाली की रात्री-अपरात्री ज्यांच्या पालावर गाडी येते, त्या पारध्याला कोण सांगणार?

ब्रिटिशांनी १८७१ मध्ये कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे या जमातींसाठीच्या सक्तीच्या वसाहतीत, माणसं तारेच्या कुंपणाआड ठेवली. तो कायदा १९५२ मध्ये गेला, संशय गेला नाही. आणि डीएनए एकट्या माणसाचा कधीच नसतो. एकाचा नमुना साठवला की त्याच्या भावांचा, मुलांचाही माग त्यातून काढता येतो. म्हणजे ज्या वस्तीत वारंवार धरपकड होते, तिथली पोरंबाळं काही न करता पोलिसांच्या नजरेच्या टप्प्यात येतात. जन्मावरून संशय घेणं आणखी कसं असतं?

त्यात नमुना हाताळायची आपली तऱ्हा. ठाणे जिल्ह्यातल्या २०१० च्या एका बालिकेच्या बलात्कार आणि हत्येच्या खटल्यात फाशीची शिक्षा झालेल्या आरोपीला सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सोडलं. नमुने प्रयोगशाळेत पाठवायला उशीर का झाला, तोवर ते कुणाच्या ताब्यात होते, याचा धड हिशेब नव्हता. त्या मुलीच्या आईबापांना काय मिळालं? अशा मुद्देमालाच्या भरवशावर आपण देशभरची नोंद उभी करतोय.

निर्दोष सुटलेल्याची नोंद नष्ट होऊ शकते, पण त्यासाठी नोडल, म्हणजे या कामासाठी नेमलेल्या, अधिकाऱ्याकडे मागणी करावी लागते. ती आपोआप पुसली गेली पाहिजे, आणि नकाराचा हक्क नमुना घेण्याआधी आरोपीला त्याच्या भाषेत वाचून दाखवला पाहिजे. हे होईपर्यंत वकील मित्रांनो, एक करा. अशिलाच्या निर्दोष सुटकेनंतर अपिलाची मुदत संपली की नोंद नष्ट करायचा अर्ज तुम्हीच टाका, त्याला विचारायची वाट पाहू नका.