‘एका गावात गिरणी एकच’: म्युलरांवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

म्युलर (म्हणजे गिरणीवाला) या, जर्मनीत सगळ्यांत जास्त आढळणाऱ्या आडनावावरच्या माझ्या लेखाखाली ‘एक परखड वाचक’ या नावाने आलेली प्रतिक्रिया तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचली असेल. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी तिची सुरुवात जशीच्या तशी देते:

‘मॅडम, थोडे दिवस जर्मनीत राहून आलं की प्रत्येकाला आपण तज्ज्ञ झालो असं वाटायला लागतं. एका गावात गिरणी एकच असते. मग म्युलर सगळ्यांत जास्त कसे? साधं गणित आहे. आणि पीठ दळणाऱ्यांवर एवढं काय लिहायचं!’

यापुढे आणखी चार मुद्दे आहेत. श्मिट (म्हणजे लोहार) हे नाव खरं पहिलं आहे, अमेरिकेतले मिलर न्यूयॉर्कच्या एलिस आयलंड या स्थलांतरितांच्या तपासणी-केंद्रावर म्युलरांचे तयार झाले, मॅक्स म्युलर कधी भारतात आलाच नाही, आणि माझे आकडे २००५ च्या फोनच्या यादीतले म्हणजे शिळे आहेत. त्यांच्याकडे नंतर वळते.

आधी भाषेबद्दल. मतभेदाला माझी कधीच हरकत नव्हती. या ब्लॉगवर माझ्या लेखांपेक्षा चांगल्या प्रतिक्रिया आलेल्या आहेत आणि त्या मी वरती चिकटवून ठेवलेल्या आहेत. पण ‘तज्ज्ञ झालो असं वाटायला लागतं’ हे वाक्य कोणत्या मुद्द्याला धरून आहे? मी स्वतःला तज्ज्ञ म्हटलेलं नाही, लेखात नाही आणि इतरत्रही नाही. तिथे राहिले, भाषा शिकले, चर्चच्या जुन्या नोंदवह्या वाचता याव्यात म्हणून जुनी जर्मन लिपी डोळे दुखेपर्यंत गिरवली, आणि जे समजलं ते मराठीत लिहिलं. तुम्ही टोपणनावाने लिहिता, मी माझ्या नावाने लिहिते. एवढा फरक तरी बोलताना लक्षात ठेवायला हवा होता.

आता तुमचं साधं गणित.

गावात गिरणी एकच, हे बरोबर. बहुतेक गावांत एकच होती. पण त्यावरून म्युलर कमी असायला हवेत, हा निष्कर्ष उलटा आहे. आडनाव एखाद्या धंद्यात किती माणसं आहेत हे मोजत नाही. एका माणसाला दुसऱ्यापासून वेगळं ओळखायचं म्हणून ते पडतं. बाराव्या शतकापासून जर्मन शहरांत, आणि पुढच्या दोन-तीनशे वर्षांत खेड्यांतही, माणसाला दुसरं नाव लागू लागलं. कारण योहानेस, हाइनरिश, कोनराड या मोजक्या बारशाच्या नावांनी भागेनासं झालं होतं. एका गावात पाच हाइनरिश. कर गोळा करणाऱ्याला, खंडाची वही लिहिणाऱ्या मठातल्या कारकुनाला नेमका कोणता हाइनरिश हे लिहिणं भाग होतं. त्या पाचांतले चौघे शेतकरी असतील तर ‘हाइनरिश शेतकरी’ लिहून काय उपयोग? त्यांना मग घराच्या जागेवरून, केसांच्या रंगावरून, बापाच्या नावावरून नाव पडलं. पाचवा ओढ्याकाठी गिरणी चालवत होता. त्याच्यापुढे ‘म्युलर’ लिहिलं की काम झालं. पुन्हा विचारायची गरज नाही.

म्हणूनच त्या काळी बहुसंख्य लोक शेती करत असूनही बाउअर, म्हणजे शेतकरी, हे आडनाव आज जर्मनीतल्या पहिल्या दहांतही नाही. पहिल्या दहांत कोण आहे ते पाहा: म्युलर, श्मिट, श्नायडर, फिशर, वेबर, मेयर, वाग्नर, बेकर, शुल्त्स, होफमान. गिरणीवाला, लोहार, शिंपी, कोळी, विणकर, गाड्या करणारा, पाव भाजणारा. उरलेले जहागिरीचा कारभारी, गावाचा मुखिया, आणि मोठं शेत राखणारा. गावात एक किंवा फार तर दोन असणारी ही माणसं. तुम्ही जे गणित माझ्याविरुद्ध मांडलंत त्याचं उत्तर या यादीतच आहे, आणि ती यादी माझ्या लेखात होती.

आता जिथे गिरण्या एकाहून जास्त होत्या तिथलं. डोंगराळ भागात एकाच ओढ्यावर ओळीने चार-पाच गिरण्या असायच्या. तिथे नुसतं म्युलर पुरायचं नाही, मग वरच्या गिरणीचा ओबरम्युलर, नवीन गिरणीचा नॉयम्युलर, नदीकाठच्या कुरणातला आउम्युलर. तेलाचा घाणा चालवणारा अ‍ॅलम्युलर. कातडी कमावण्यासाठी झाडाची साल कुटणारा लोम्युलर. ही सगळी आडनावं आजही आहेत. एकटी गिरणी असेल तर साधं नाव, गर्दी असेल तर जोडनाव. तुमच्या वाक्याचा जो अर्धा भाग खरा आहे तो माझ्याच बाजूने बोलतो.

दुसरी गोष्ट, गिरणीवाला नुसता एकटा नव्हता, तो बांधलेला होता. जर्मन प्रदेशात ‘म्युलेनबान’ नावाचा हक्क होता: जमीनदाराच्या हद्दीतल्या शेतकऱ्याने दळण त्याच्याच गिरणीत न्यायचं, दुसरीकडे नाही. प्रशियात हा प्रकार १८१० मध्ये संपला. गिरणी जमीनदाराची किंवा मठाची, ती चालवणाऱ्याकडे बहुधा वंशपरंपरेच्या खंडाने. बापामागून मुलगा त्याच पाटाच्या पाण्यावर उभा राहायचा. नाव एका पिढीत बदलून जायला वावच नव्हता. पुढे चर्चच्या नोंदवह्यांत बाप्तिस्मा आणि लग्नं लिहिली जाऊ लागली, आणि १ जानेवारी १८७६ पासून सगळ्या जर्मन साम्राज्यात सरकारी नोंदणी कचेऱ्या सुरू झाल्या. तोवर कितीतरी म्युलर शिक्षक, शिपाई, सुतार झाले होते. धंदा सुटला, नाव पक्कं झालं.

‘पीठ दळणाऱ्यांवर एवढं काय लिहायचं’ या वाक्याने मला खरा त्रास झाला.

माझ्या वडिलांची पिठाची गिरणी होती. संगमनेरकडच्या एका खेड्यात, गावातली एकुलती एक. आमचं आडनाव वेगळं आहे, कागदोपत्री तेच आहे, पण गावात आम्हाला त्या आडनावाने कुणी हाक मारली नाही. आम्ही ‘गिरणीवाले’. मी ‘गिरणीवाल्यांची पोरगी’. आडनाव कसं पडतं हे मला कुठल्या ग्रंथातून शिकावं लागलं नाही. गावात पाटलांची घरं कितीतरी होती आणि त्यांना एकमेकांपासून वेगळं सांगायला वरचे, खालचे, वाड्यावरचे असं काहीतरी जोडावं लागायचं. आम्हाला काही जोडावं लागत नव्हतं. आता सांगा, साधं गणित कुणाच्या लक्षात आलेलं नाही?

आणि त्या एकुलतेपणाची किंमतही मला माहीत आहे. दळणाचा डबा परत नेताना माणसं तो हातात तोलून बघत. घट किती धरली यावरून कुजबुज चाले. वडील डबा मापून घेत आणि मापून देत, तरी ती नजर गेली नाही. पुढे जर्मनीत गेल्यावर कळलं की तिथेही हेच होतं, फक्त फार मोठ्या प्रमाणावर. गिरणीवाला मजुरी म्हणून धान्यातलाच हिस्सा काढून घ्यायचा, पुष्कळ ठिकाणी सोळावा. मापही त्याचंच, गिरणीही त्याचीच, आणि शेतकऱ्याला दुसरीकडे जायची मुभा नाही. त्यातून तो चोर असणारच असा समज घट्ट झाला. कित्येक शहरांत गिरणीवाल्याच्या मुलाला कारागिरांच्या संघात घेत नसत. १५४८ च्या पवित्र रोमन साम्राज्याच्या पोलीस-नियमावलीत, आणि पुन्हा १५७७ च्या नियमावलीत, विणकर, न्हावी, मेंढपाळ आणि गिरणीवाले यांच्या मुलांना संघाबाहेर ठेवू नये असं लिहावं लागलं. एकदा लिहून भागलं नाही म्हणून एकोणतीस वर्षांनी पुन्हा. ज्या नावाला कधीकाळी हा डाग होता तेच आज जर्मनीत पहिल्या क्रमांकावर आहे, स्वित्झर्लंडमध्येही पहिलं आहे. यावर लिहायचं नाही तर कशावर लिहायचं?

याच गिरण्यांमुळे कायद्यात एक चांगली गोष्टही आली. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या ‘झाख्सनश्पीगेल’ या सॅक्सन कायद्याच्या संहितेत नियम आहे: जो गिरणीवर आधी येईल त्याचं आधी दळावं. जर्मन माणूस आजही रांगेत हेच बोलतो. हे मी मूळ लेखात घातलं नव्हतं, लेख आधीच लांबला होता. लांबला होता हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे.

आता उरलेले मुद्दे.

श्मिट, श्मिड, श्मिट्स, श्मीट अशी लोहारांची सगळी लेखनं एकत्र केली तर ते म्युलरांच्या पुढे जातात. खरं आहे. पण माझा लेख एका आडनावावर होता, लोहार आणि गिरणीवाले यांच्या शर्यतीवर नव्हता. एकेक लेखन स्वतंत्र धरलं तर म्युलर पहिलं, आणि आडनाव म्हणजे जे दारावर लिहिलेलं असतं ते. हा विषय माझ्यापुरता संपला.

एलिस आयलंड. तिथल्या कारकुनांनी नावं बदलली ही कहाणी सगळ्यांनी ऐकलेली आहे, म्हणून ती खरी ठरत नाही. तिथले अधिकारी जहाजावर आधीच भरलेल्या यादीवरून नावं तपासत, नवी लिहीत नव्हते. आणि एलिस आयलंड सुरू झालं १८९२ मध्ये. जर्मनांच्या मोठ्या लाटा तोवर येऊन गेल्या होत्या, न्यूयॉर्कला उतरणारे १८५५ पासून कॅसल गार्डनला उतरत होते. म्युलरचं मिलर झालं ते बहुतेक तिथे राहू लागल्यावर, शेजाऱ्यांच्या आणि दुकानदारांच्या तोंडी. २०१० च्या अमेरिकन जनगणनेत मिलर सातव्या क्रमांकावर आहेत, अकरा लाख एकसष्ट हजारांवर. त्यात इंग्लंडहून आलेले मिलरही आहेत, सगळे जर्मन नाहीत.

एक गोष्ट मात्र मी वेगळ्या परिच्छेदात सांगायला हवी होती, ती तुमच्यामुळे सांगते. मिलर हे लेखन जर्मनीतलंच, दक्षिणेतलं जुनं रूपही आहे. आम्ही दक्षिणेत, स्वाबियन बोली बोलणाऱ्या मेमिंगनजवळ राहत होतो तेव्हा आमच्या घरमालकीणबाईंच्या टपालपेटीवर मिलर लिहिलेलं होतं. मला वाटलं अमेरिकेचा काही संबंध असेल. तसं काही नव्हतं. स्वाबियन बोलीत तो स्वर ओठ गोल न करता म्हणतात आणि चर्चच्या वहीत पाद्रीबाबांनी जसं ऐकलं तसं लिहिलं. उत्तरेला श्लेस्विग-होल्श्टाइन, मेक्लेनबुर्गकडे तेच म्योलर होतं. सुशिक्षितांनी लॅटिनची हौस म्हणून मोलिटोर केलं. ऑस्ट्रियात मात्र पहिलं नाव ग्रुबर, म्युलर तिथे मागे पडतो. त्यामुळे अमेरिकेतला एखादा मिलर जहाजात बसला तेव्हाही मिलरच असू शकतो.

मॅक्स म्युलर भारतात आला नव्हता. नव्हताच आला. मी आला होता असं कुठे म्हटलंय? त्याचा उल्लेख केला तो वेगळ्या कारणाने. १८२३ मध्ये डेसाऊ इथे जन्मलेल्या फ्रीडरिश मॅक्स म्युलरला आपलं आडनाव इतकं सर्रास वाटलं की त्याने ‘मॅक्स’ हे आपलं नावच आडनावाला जोडून टाकलं. ज्याला आपण मॅक्स म्युलर म्हणतो, ऋग्वेदाच्या प्रतीवर जो संस्कृतात मोक्षमूलर झाला, पुण्या-मुंबईत ज्याच्या नावाची भवनं आहेत, त्याचं ते जोडनावच या आडनावाच्या गर्दीचा पुरावा आहे. एवढाच त्याचा लेखातला संबंध होता. तुम्ही तो परिच्छेद वाचला असता तर हा प्रश्न आला नसता.

राहिले २००५ चे आकडे. जर्मन आडनावांचा जो मोठा नकाशासंग्रह फ्रायबुर्ग आणि माइन्झच्या विद्यापीठांनी केला तो त्या वर्षीच्या घरगुती फोनजोडण्यांवर आधारलेला आहे. मुद्दाम. नंतर लोकांनी घरचे फोन काढून टाकले, आणि मोबाइलच्या नंबरावरून माणूस कुठल्या गावचा ते कळत नाही. शिळे म्हणायच्या आधी दुसरी कोणती यादी वापरायला हवी होती ते तरी सांगा.

तुमची प्रतिक्रिया मी ठेवली आहे. फक्त खाली दुसऱ्या एका वाचकाला उद्देशून तुम्ही ‘तुम्हाला काय कळतं’ असं जे लिहिलं होतं ती ओळ काढून टाकली आहे. त्यांनी अगदी सरळ प्रश्न विचारला होता: श्नायडर आणि श्रोडर दोन्ही शिंपीच का? दोन्ही शिंपीच. श्रोडर उत्तरेतलं. काही ठिकाणी पिंपं उतरवणाऱ्यांनाही ते नाव पडलं. उत्तरेतल्या नावांवर पुढचा लेख लिहिते आहे, त्यात हे सविस्तर येईल.