अलार्म खोटा वाजला म्हणून मालकावर गुन्हा? काहीही!

सांगलीतल्या दुकानदारांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'चोरीचा अलार्म तीनदा खोटा वाजला तर पाच हजार दंड, चौथ्यांदा पोलीस येणार नाहीत, मालकावर गुन्हा. पावसाळ्यात अलार्म बंद ठेवा.' सराफ कट्ट्यापासून विश्रामबागेपर्यंत तो पोचलाय. खाली ना कलम, ना आदेशाचा नंबर, ना तारीख.

आधी ते 'तीनदा'. हे बिऱ्हाड परदेशातून आलंय. ब्रिटनमध्ये पोलिसांशी जोडलेल्या अलार्मला नोंदणी क्रमांक मिळतो आणि बारा महिन्यांत तीन खोटे कॉल गेले की पोलिसांचा प्रतिसाद काढून घेतात. अमेरिकेतल्या अनेक शहरांत अलार्मला परवाना लागतो, ठरावीक संख्येनंतर दंड. तिकडे अलार्म खासगी कंट्रोल रूममार्फत पोलिसांपर्यंत जातो, म्हणून ही मोजदाद. आपल्या गणपती पेठेतल्या साध्या अलार्मचा फोन जातो मालकाला, त्याच्या भावाला, फार तर वॉचमनला. पोलिसांना कळवायचं ते माणसानं, 112 वर. मशीन पोलिसांना बोलावतच नाही, मग तिचे कॉल मोजणार कोण?

आता गुन्हा. भारतीय न्याय संहितेचं कलम 217 सरकारी नोकराला खोटी माहिती देण्याबद्दल आहे. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण माहिती खोटी आहे हे देणाऱ्याला ठाऊक असावं लागतं. शेजाऱ्याचा काटा काढायला 'चोर शिरलेत' म्हणून फोन करणारा त्यात सापडतो. पालीमुळे अलार्म वाजला आणि घाबरून फोन केला, तो नाही.

मेसेजमध्ये अर्धं खरं काही असेल तर ते आवाजाचं. मालक कोल्हापूरला लग्नात आणि इकडे भोंगा रात्रभर कोकलतोय, तर शेजारी तक्रार करणारच. निवासी भागात रात्री दहा ते सहा 45 डेसिबलची मर्यादा आहे, आणि सार्वजनिक उपद्रवाला कलम 292 खाली हजार रुपयांपर्यंत दंड. भोंगा काही मिनिटांत आपोआप थांबेल असं सेटिंग करून घ्या आणि दुकानाची किल्ली असलेला एक माणूस गावात ठेवा. ब्रिटिशांच्या नियमांतली ही किल्लीवाल्याची अट खरं तर उचलण्यासारखी. ती मात्र कुणी फॉरवर्ड केली नाही.

राहिला पावसाळ्याचा सल्ला. बाजार लवकर सामसूम होतो, पावसाच्या आवाजात शटर उचकटलेलं कुणाला ऐकू जात नाही, आणि नेमका तेव्हाच अलार्म बंद? त्यापेक्षा तो का वाजतो ते बघा. वाऱ्यानं शटर हलतं, त्यावरचं चुंबक स्विचपासून जरा लांब जातं, की झालं. आतल्या हालचाल टिपणाऱ्या सेन्सरच्या काचेवर पाल किंवा कोळी बसला तर जवळ असल्यामुळे तो सेन्सरला मोठा भासतो. कोरड्या फडक्यानं काच पुसणं, शटरचा गाइड घट्ट करणं, पॅनेलची म्हातारी बॅटरी बदलणं, एवढंच काम असतं. बसवणाऱ्याकडून दोन सेन्सर एकत्र जोडून घेतले, म्हणजे शटर आणि आतली हालचाल दोन्ही लागल्यावरच भोंगा वाजेल, तर एकट्या पालीला काही करता येत नाही.

आणि मोबाइलचं बटण चुकून दाबलं जाऊन 112 लागलाच तर घाबरून फोन कापू नका. 'चुकून लागला, सगळं ठीक आहे' एवढं सांगा. कापलात तर ते उलट फोन करत बसतात.