मोजायचं नाही, भाऊ!

अभिनंदन भाऊ, तुमचं नाव घेतलंय म्हणे! जिल्ह्याला भव्य सार्वजनिक कलासंग्रहालय व्हायचं आहे, कुदळ मारायचा मुहूर्तही निघाला आहे, आणि नेतृत्व मंडळात 'समाजातील एक प्रतिष्ठित व्यक्ती' हवी होती. तुम्हाला लग्नात पहिल्या पंगतीला हात धरून बसवतात, म्हणजे प्रतिष्ठित तुम्ही आहातच. चित्रकलेशी संबंध काय, असं कुणी विचारलंच तर शाळेत एलिमेंटरीला बसलो होतो म्हणून सांगा. निकाल कुणी विचारत नाही.

आता चार गोष्टी नीट समजून घ्या. जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांच्या कारभाऱ्यांनी त्या फार किंमत मोजून शिकून ठेवल्या आहेत, तुम्हाला फुकट मिळताहेत.

संग्रहालय म्हणजे चित्रं आणि मूर्ती, असा समज असेल तर तो आधी झटकून टाका. ते सगळं खाली असतं, तिकीट काढून आलेल्यांसाठी. नेतृत्व वरच्या मजल्यावर असतं आणि तिथे भिंतीवर फार तर एसी असतो. एक संचालक, दोन-तीन उपसंचालक, निधी आणणारे एक साहेब, बातमी छापून आणणाऱ्या एक मॅडम, आणि सगळ्यांच्या वर विश्वस्त. एक मुख्य क्युरेटरही असतो. त्याला वस्तूंमधलं कळतं, म्हणून बैठकीत त्याचा विषय 'आयत्या वेळच्या विषयां'च्याही नंतर येतो. कुठलंही काम कमीत कमी तिघांकडे सोपवायचं, म्हणजे ते कुणाकडेच राहत नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ मध्ये पैशांची ओढाताण झाल्यावर संचालकाच्या वर एक मुख्य कार्यकारी अधिकारी बसवला होता. दोन धनी, झकास व्यवस्था. पण २०२३ मध्ये दोन्ही पदं पुन्हा एकाच माणसाकडे दिली. असला पायंडा आपल्याकडे पाडू नका. एकच माणूस असला की जाब कुणाला विचारायचा ते लोकांना लगेच कळतं.

आता मुख्य मंत्र. मोजायचं नाही.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे ८० लाखांच्या आसपास वस्तू आहेत आणि त्यातल्या निम्म्या-शिम्म्यांची धड नोंदच नव्हती. यातली खुबी लक्षात घ्या. वस्तू वहीत नसेल तर ती हरवणार कशी? पण डेन्मार्कमधल्या एका व्यापाऱ्याला हे शास्त्र ठाऊक नव्हतं. त्याने इंटरनेटवर विकत घेतलेले जुने कोरीव खडे बघितले, हे तर म्युझियमचे दिसतात असं त्याच्या ध्यानात आलं, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याने पुराव्यासकट म्युझियमला कळवलं. नेतृत्वाने घाई केली नाही. जुलैमध्ये उत्तर गेलं की संग्रह सुरक्षित आहे, गैरप्रकार आढळला नाही. पुढे दोन वर्षं शांततेत गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर करावं लागलं की दोन हजारांच्या घरात वस्तू चोरीला गेल्या आहेत, गहाळ आहेत किंवा खराब केल्या आहेत.

तेव्हा संचालकांनी पहिल्यांदा काय केलं माहीत आहे? त्या व्यापाऱ्यानेच आम्हाला सगळी माहिती दिली नाही, असं सांगितलं. इथपर्यंत आपल्याला अगदी घरच्यासारखं वाटतं. रस्त्यावर खड्डा आहे म्हणून अर्ज दिला की 'अर्जासोबत खड्ड्याचा उतारा जोडला नाही' म्हणतात, तसंच. पण पुढे गडी कच्चा निघाला. काही दिवसांतच राजीनामा दिला, वर ते बोलणं मागे घेऊन खेदही व्यक्त केला. तुम्ही असं काही करू नका. चौकशी समिती नेमा आणि तिच्यावर स्वतःच अध्यक्ष व्हा.

या मंत्राला आपल्याकडे एकच अडथळा आहे, तो म्हणजे नाना.

आमच्या गावाकडे, जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेर-पारोळ्याच्या पट्ट्यात, लग्नकार्याची भांडी गावाच्या सामायिक कोठीतून मिळायची. वर्गणीतून घेतलेली पातेली, पराती, पळ्या, गडवे, स्टीलचे ग्लास, आणि एकूणएक भांड्यावर गावाचं नाव सुईने टोचून कोरलेलं. किल्ली आणि वही नानांकडे. वही म्हणजे लाल कापडी बांधणीची, वापरून वापरून कडा तेलकट झालेली. लग्न लागलं, पंगती उठल्या, वरात निघाली, मुलीची आई अजून रडते आहे, आणि नाना अंगणात पोतं अंथरून भांडी पालथी मांडताहेत. ग्लास दहा-दहाचे थर लावून. मोजून झालं की डोळ्यांपासून लांब धरून वही वाचायची आणि मांडवात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचं, "दोन पळ्या कमी शेतस." (आमच्या अहिराणीत 'शे' म्हणजे आहे.) पळ्या सापडेपर्यंत मुलीचा बाप त्यांच्यासमोर उभा. एकदा वऱ्हाडाचा ट्रक पारोळ्याच्या नाक्यावरून परत बोलावला होता. पळी निघाली, भाताच्या पातेल्यात.

अशा माणसाला संग्रहालयाच्या आसपासही फिरकू देऊ नका. शिपाई म्हणूनसुद्धा नको.

सुरक्षेचं त्यापुढे सोपं आहे. कॅमेरे लावायचे, त्यांचं तोंड कुठे आहे ते बघत बसायचं नाही. पॅरिसच्या लूव्रमध्ये १९ ऑक्टोबर २०२५ ला, रविवारी, दिवसाढवळ्या, सामान चढवायची शिडी लावलेला ट्रक भिंतीला लावून चोर गॅलरीत शिरले आणि काही मिनिटांत राजघराण्याचे दागिने घेऊन गेले. किंमत सांगितली ८ कोटी ८० लाख युरो. त्या बाजूला बाहेरचा एक कॅमेरा होता, पण तो दुसरीकडे बघत होता, हे संचालकांनी स्वतः सिनेटमध्ये सांगितलं. (पळताना चोरांकडून एक मुकुट खाली पडला. आमच्याकडे जत्रेत खिसेकापूसुद्धा एवढा गबाळा नसतो.) याच लूव्रमधून १९११ च्या ऑगस्टमध्ये मोनालिसा गेली होती. सोमवारी गेली आणि लक्षात आलं मंगळवारी, तेही एका चित्रकाराने विचारलं म्हणून. पहारेकऱ्यांना वाटत होतं, फोटो काढायला नेली असेल. संचालक रजेवर होते. त्यांनाही काढून टाकलं, तेव्हा रजा वाचवते या भ्रमात राहू नका. दौरा काढा. दौऱ्यावर असलेल्या माणसाला आपल्याकडे कुणी काही विचारल्याचं मला तरी आठवत नाही.

पैशांसाठी दाते लागतील. दात्यांची नावं दालनांना देताना मात्र सांभाळून. मेट्रोपॉलिटनला डिसेंबर २०२१ मध्ये सॅकलर हे नाव सात दालनांवरून उतरवावं लागलं, कारण त्या घराण्याच्या कंपनीच्या वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनाने अमेरिकेत किती घरं उद्ध्वस्त झाली ते तोवर जगजाहीर झालं होतं. लूव्रने ते २०१९ मध्येच उतरवलं होतं. दगडात कोरलेली नावं काढायची म्हणजे केवढा खर्च! आपल्या देवळांनी हा प्रश्न कधीच सोडवून ठेवला आहे. नाव पंख्याच्या पात्यावर लिहायचं, 'कै. अमुकतमुक यांचे स्मरणार्थ'. पंखा चालू असला की कुणाला वाचता येत नाही, लाइट गेली की दाता दिसतो. आणि लाइट आपल्याकडे पुरेशी जाते.

आता संग्रहात ठेवायचं काय? इथे मी तुम्हाला थोडं थांबवणार आहे, कारण हा विषय आपल्या मातीतला आहे. केळं ठेवा.

हसू नका. मॉरिझिओ कॅटेलान नावाच्या इटालियन कलाकाराने २०१९ मध्ये मायामीच्या कलामेळ्यात एक केळं चिकटपट्टीने भिंतीला लावलं आणि ते १ लाख २० हजार डॉलरला विकलं गेलं. पुढच्याच वर्षी त्याची एक आवृत्ती न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाला भेट मिळाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये दुसरी एक आवृत्ती लिलावात ६२ लाख डॉलरला गेली. ते विशिष्ट केळं त्या दिवशी सकाळी मॅनहॅटनमधल्या एका फळगाडीवरून ३५ सेंटला आणलेलं होतं. गाडीवरचा वयस्कर बांगलादेशी विक्रेता पगारी माणूस. पुढे काय झालं ते कळल्यावर तो रडला म्हणतात. ज्याने विकत घेतलं त्याने ते पत्रकारांसमोर सोलून खाल्लं.

रावेर-सावद्याकडच्या केळीवाल्या माणसाला हे सांगून बघा. तो पहिल्यांदा विचारेल, नवती का पिलबाग, म्हणजे नव्या लागवडीचं का खोडव्याचं? मग विचारेल, कटती, म्हणजे कपात, किती लावली? आमच्याकडे गाडी भरताना फणीला जरासा डाग दिसला की व्यापारी तोंड वाकडं करतो, बोर्डावर जाहीर केलेला भाव एक आणि बांधावरचा भाव दुसरा. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी चिकटपट्टीचा विचार इतक्या वर्षांत एकाही शेतकऱ्याला सुचला नाही, हा दोष त्याचाच.

पण नेतृत्वाने शिकायचं ते वेगळंच आहे. विकत घेणाऱ्याला केळं मिळत नाहीच, मिळतं ते प्रमाणपत्र. सोबत १४ पानी सूचना: केळं किती उंचीवर, पट्टी कोणत्या कोनात, किती दिवसांनी बदलायचं. एका केळ्याला १४ पानं! मेच्या वादळात अख्खी बाग आडवी होते तेव्हा पंचनाम्याचा कागद एकच असतो आणि त्यावर सही करणारे साहेब दुसऱ्या गावाला गेलेले असतात. जुलै २०२५ मध्ये फ्रान्समधल्या मेझच्या संग्रहालयात एका प्रेक्षकाने ते केळं खाल्लं, तर कर्मचाऱ्यांनी काही मिनिटांत नवं लावलं. ना चोरी, ना नुकसान, ना राजीनामा. कलाकार नाराज झाला तो एवढ्यावरच, की त्याने नुसता गर खाल्ला, साल आणि पट्टी सोडली. बघा, वस्तूच नसली की तिची काळजी घ्यावी लागत नाही. कलासंग्रहालय चालवण्याची याहून निर्धास्त रीत अजून कुणाला सापडलेली नाही.

बैठकीत कुणी तरी उत्साही मास्तर उठतील आणि 'आपल्या भागातलं काही ठेवू या' म्हणतील. त्यांना चहा द्या, विषय पुढे ढकला. नाहीतर ते सुरूच होतात. चाळीसगाव तालुक्यात पाटण्याच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचीवर कोरलेल्या आडव्यातिडव्या रेघा सापडल्या, वय सुमारे २५ हजार वर्षं. चाळीसगाव स्टेशनजवळ केकी मूस यांचं घर आहे. परदेशात शिकून आलेला हा माणूस टेबलावर बारीकसारीक वस्तू मांडून फोटोत अख्खा देखावा उभा करायचा, वर्षानुवर्षं घराबाहेर पडला नाही आणि १९८९ मध्ये गेला. आणि भुसावळच्या दफनभूमीत मेजर रॉबर्ट गिल आहेत.

गिलसाहेबांचं मात्र ऐकून ठेवा, नेतृत्वाचा धडा म्हणून. १८४४ पासून हा माणूस अजिंठ्यात बसून लेण्यांतल्या चित्रांच्या मोठमोठ्या प्रतिकृती रंगवत होता. ऊन, ताप, वटवाघळं. कॅनव्हास लंडनला गेले, तिथल्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लागले आणि १८६६ च्या आगीत जवळजवळ सगळे जळाले. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थी घेऊन पुन्हा अजिंठ्यात बसले. तेरा वर्षं नव्याने प्रतिकृती केल्या. त्या कुठे पाठवल्या? लंडनलाच. १८८५ च्या आगीत त्यातल्याही बऱ्याच गेल्या. एवढं सातत्य फक्त वरच्या मजल्यावरूनच येतं. गिल १८७९ मध्ये भुसावळला वारले, त्यामुळे दुसरी आग त्यांना बघावी लागली नाही.

चाळीसगावहून घाटाकडे गेलं की हद्दीपलीकडे पितळखोऱ्याची लेणी आहेत. तिथला एक यक्ष दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. गुबगुबीत, हसरा, डोक्यावर वाडगं धरलेला. त्याच्या हातावर ब्राह्मीत कोरलं आहे की हे कण्हदास सोनाराने केलं. दोन हजार वर्षांपूर्वीचा सोनार, वस्तूवर नाव टाकून मोकळा! वस्तू कुणाची आणि कुणी केली, दोन्ही वादच मिटले. हा कण्हदास मला नेहमी नानांचा नातेवाईक वाटतो, म्हणूनच म्हणतो, असल्या वस्तू दिल्लीतच बऱ्या.

उद्घाटनाचं शेवटी सांगतो, तेवढं सांभाळा. मंत्री येतील, फीत कापली जाईल, वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी होईल. एवढ्या माणसांचं जेवण म्हणजे भांडी गावाच्या कोठीतूनच येणार, आणि भांड्यांबरोबर नाना येणार. आता ऐंशी पार आहेत, काठी टेकत येतात, पण येतात. जेवणं उरकली की ते अंगणात पोतं टाकतील, ग्लासांचे थर लावतील, पळ्या मोजतील, आपल्या वहीत टिक करतील. मग उठतील, काठी टेकत तुमच्या नव्या कोऱ्या दालनात शिरतील, एकेका भिंतीपुढे थांबत एक फेरी मारतील, केळ्यापुढे जरा जास्तच थांबतील, आणि परत येऊन मंत्र्यांच्या देखत तुम्हाला विचारतील,

"आप्पा, याची वही कोठे शे?"