हद्द वाढवा, पण आधी सात-बारा दाखवा

पीएमआरडीएची, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची, हद्द आणखी वाढवावी का, पीएमपीएमएलची शहर बस कुठवर न्यावी, हे पुण्यातल्या घरच्यांचे वाद मी टोरंटोत बसून ऐकतो. एक बाजू म्हणते, गावं प्राधिकरणात आल्याशिवाय पाणी नि रस्ते यायचे नाहीत. दुसरी म्हणते, हे सगळं बिल्डरांसाठी चाललंय. दोघांचंही खरं असू शकतं. मला खटकतं ते वेगळंच: हद्द आखणाऱ्यांच्या स्वतःच्या जमिनी कुठे आहेत, हे कुणी विचारतच नाही.

इकडे सगळं चकाचक आहे असं मात्र समजू नका. टोरंटोभोवतीच्या ‘गो’ नावाच्या ट्रेन आणि बस ओंटारिओ प्रांताची मेट्रोलिंक्स ही संस्था चालवते. २००९ मध्ये कायदा बदलून तिच्या मंडळावरची महापौर मंडळी हटवली. (पीएमआरडीएचे अध्यक्ष खुद्द मुख्यमंत्री.) राजकारण गेलं? छे. २०१६ मध्ये कर्बी नावाच्या स्टेशनला मंडळाने मंजुरी दिली. संस्थेचाच अभ्यास ‘बांधू नका’ म्हणत होता; पण ते होतं वाहतूकमंत्री स्टीव्हन डेल ड्यूका यांच्या मतदारसंघात. मंत्र्यांचा नि टोरंटो शहराचा दबाव निवडीवर पडला, असं प्रांताच्या महालेखापालांनी २०१८ मध्ये लिहून ठेवलं.

खरं सांगायचं तर आपल्या भागाला स्टेशन मागणाऱ्या आमदारावर मी फार रागावत नाही. मागू दे की, त्यासाठीच निवडून दिलंय. नाही म्हणण्याचं काम मंडळाचं होतं. जमिनीचं प्रकरण निराळं. २०२२ मध्ये ओंटारिओ सरकारने टोरंटोभोवतीच्या संरक्षित हरित पट्ट्यातली सुमारे ७,४०० एकर जमीन घरबांधणीसाठी मोकळी केली. आपल्या भाषेत, हिरव्याचा पिवळा झोन झाला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये महालेखापालांनी हिशेब मांडला: मालकांच्या जमिनीची किंमत ८.३ अब्ज डॉलरने वाढू शकते. पाठोपाठ विधिमंडळाच्या सचोटी आयुक्तांनी गृहनिर्माणमंत्री स्टीव्ह क्लार्क यांनी कायदा मोडल्याचा अहवाल दिला. सप्टेंबरमध्ये मंत्री गेले, निर्णयही मागे घेतला गेला. क्लार्क यांनी स्वतः पैसे खाल्ले असं कुणी म्हटलं नव्हतं. काही बिल्डरांचं भलं गैररीतीने होऊ दिलं, एवढंच पुरलं.

नगरसेवकांना तर इथे आणखी साधा नियम आहे. विषयात आपला आर्थिक संबंध असेल तर बैठकीत तसं सांगायचं, लेखी द्यायचं, चर्चेत नि मतदानात पडायचं नाही. २०१९ पासून त्याची नोंदवहीही लोकांना पाहता येते. आई-वडील, जोडीदार, मुलं यांचे हितसंबंधही त्यात धरतात. भाऊ मात्र धरत नाहीत. हा नियम जसाच्या तसा हवेली-मुळशीत लावला तर सहा महिन्यांत सगळे गुंठे भावांच्या नावावर जातील, साठेखतं आणि कुलमुखत्यारपत्रं वेगळीच.

आपल्याकडे कागद नाहीत असं नाही. उमेदवारी अर्जासोबतच्या शपथपत्रात शेतजमिनीचे गट क्रमांकसुद्धा द्यावे लागतात. पण ते पाच वर्षांतून एकदा, निवडणुकीपुरते. मधल्या काळात रिंगरोडची रेघ सरकते, गावं आत-बाहेर होतात, २०२१ मध्ये जाहीर झालेला पीएमआरडीएचा प्रारूप विकास आराखडा २०२५ मध्ये रद्दही होतो, आणि ते शपथपत्र या कशाच्याही शेजारी ठेवून कुणी वाचत नाही. राज्यसभेत सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही असते. प्राधिकरणाच्या बैठकीला तशी वही का नको?

घरचे म्हणतात, तू तिकडून सांगणार, इथे टँकरची वाट आम्ही बघतो. कबूल. म्हणूनच हद्दवाढ थांबवा असं मी म्हणत नाही. प्रारूप नकाशावर हरकती-सूचना मागवतात, तेव्हा प्राधिकरणाचे सदस्य, त्या भागातले आमदार-खासदार आणि त्यांचे भाऊ धरून सगळ्यांच्या गट क्रमांकांची यादी त्याच भिंतीवर लावा. मग कशाला हरकत घ्यायची ते गावकरी बघतील.