स्प्रिंग वॉशर घातला म्हणजे झाले का?

मासेमारी बंदीच्या 61 दिवसांत होडी किनाऱ्यावर ओढून मी इंजिनाचे सगळे काम करून घेतले, मागितली तेवढी मजुरी रोख मोजली, आणि हंगामाच्या तिसऱ्याच फेरीत, हर्णैपासून चांगले आत गेल्यावर, इंजिनाच्या पायाचा एक बोल्ट खालच्या तेलकट पाण्यात पडलेला सापडला. उरलेल्या तिघांपैकी दोन नट मी नुसत्या बोटांनी फिरवले. पायाभोवती तांबूस पूड साचली होती. म्हणजे लोखंडावर लोखंड कित्येक तास घासत होते. मिस्त्रीला जाब विचारला, तर तो म्हणाला, "भाऊ, स्प्रिंग वॉशर घातलाय, ढिला होईलच कसा?"

हे उत्तर ऐकून ऐकून माझे डोके फिरले आहे. स्प्रिंग वॉशर म्हणजे नट ढिला होऊ नये म्हणून त्याच्याखाली घालतात ती एका जागी कापलेली, पिळदार कडी. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने 1969 साली दाखवून दिले की आडव्या हादऱ्याने जोडलेले भाग एकमेकांवर सरकू लागले की आट्यांमधले घर्षण निष्प्रभ होते आणि नट आपोआप उलटा फिरतो. तो जागेवर राहतो तो बोल्टच्या ताणामुळे. ताण एवढा हवा की भाग सरकताच कामा नयेत. स्प्रिंग वॉशर पूर्ण आवळला की सपाट होतो आणि साध्या वॉशरपेक्षा वेगळे काहीच करत नाही, हे नासाच्या 1990 च्या पुस्तिकेत छापलेले आहे. तरी आमच्या बंदरावर त्याच्यावर देवासारखा विश्वास!

त्यात आपली ही खारी हवा. पान्याला लावलेल्या जोरापैकी जेमतेम दहावा हिस्सा बोल्ट ताणण्यात जातो, बाकीचा घर्षणात खर्च होतो. आटे गंजलेले असतील तर हाताला "फिट्ट" लागते आणि बोल्ट मात्र ताणलेलाच नसतो. आटे ब्रशने साफ करायला किती वेळ लागतो? पाच मिनिटे! तेवढीही यांच्याकडे नसतात. नायलॉक नट सांगितला, तर आतले नायलॉनचे कडे झिजून गेलेला जुनाच पुन्हा चढवतात. थ्रेडलॉकर, म्हणजे आटे घट्ट धरून ठेवणारा डिंक, आणून दिला, तर डिझेलने माखलेल्या आट्यांवर ओततात, जिथे तो धरणारच नाही. एकावर एक दोन नट लावायचे म्हटले, तर पातळ नट वर ठेवतात. तो खाली हवा, कारण खरा भार वरचा नट घेतो; हे मी तोंड दुखेपर्यंत सांगितले आहे.

होडीवर सहा माणसे असतात. इंजिन पायावरून सरकले तर पंख्याच्या शाफ्टची रेषा बिघडते, शाफ्ट होडीबाहेर जातो तिथे पाणी अडवणाऱ्या स्टफिंग बॉक्समधून पाणी आत येते आणि अंधारात किनारा दिसत नाही. अशा वेळी "पुढच्या खेपेला नीट आवळतो" हे मी ऐकून घेणार नाही. आता चारही बोल्ट नवे आणले, किती जोराने आवळले ते दाखवणारा टॉर्क पाना भाड्याने घेतला, स्वतः उभा राहून काम करून घेतले आणि प्रत्येक नटावरून पायापर्यंत पांढऱ्या रंगाची सरळ रेघ ओढली. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. ती रेघ रोज निघण्यापूर्वी बघायची, असे होडी चालवणाऱ्या तांडेलाला बजावले आहे.