अडीचनंतर थेट तेहेतीस

'नेकेड गन ३३⅓: द फायनल इन्सल्ट' हा विनोदी इंग्रजी सिनेमा जेमतेम ८३ मिनिटांचा आहे. काल तो अडीच तास चालला, कारण शेजारचे काका "काय लावलंय रे?" म्हणत येऊन बसले आणि रिमोट त्यांच्या हाती गेला.

"तेहेतीसावा भाग? आधीचे बत्तीस कुठे बघायचे?"

"तिसराच आहे, काका. पहिला १९८८चा. दुसरा १९९१चा, त्याच्या नावात अडीच. हा १९९४चा."

काकांनी डोळे मिटले. त्या पिढीला पावकी-निमकी तोंडपाठ. "अडीचकीनंतर औटकी येते. साडेतीन! तेहेतीस कुठून काढलं?"

एलपी तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, गंमत तिचीच, असं सांगितलं.

"म्हणजे सिनेमात तबकडी आहे?"

"नाही."

"मग? आमच्याकडे भीमसेनच्या एलपी आहेत, त्यांच्यावर नाही असलं काही."

"असतं, काका. लेबलवर, बारीक अक्षरात."

"बारीक कोण वाचतं!"

इथेच सगळं बोंबललं. कारण हा सिनेमा बारीक वाचणाऱ्यांचाच आहे. याचं मूळ म्हणजे १९८२ची 'पोलीस स्क्वॉड!' ही मालिका. ती सहा भागांत गुंडाळली, कारण वाहिनीच्या साहेबांच्या मते ती लक्ष देऊन बघावी लागायची! पडद्यावर पुढे नायक लेस्ली नील्सन मयताला आल्यासारखा चेहरा करून बोलतो आणि मागे काहीतरी कोसळत असतं. नील्सनने आधी कित्येक वर्षं गंभीर भूमिकाच केल्या होत्या, म्हणून तो चेहरा खपतो. त्याने एकदा जरी डोळा मिचकावला तरी खेळ खलास. तेव्हा बघायचं ते बोलणाऱ्याच्या पाठीमागे. सबटायटल लावली की नजर खालच्या पट्टीला चिकटते आणि वरचा विनोद निसटतो. आणि मध्ये थांबवायचं तर मुळीच नाही. पहिलं हसू विरायच्या आत दुसरा फटका बसावा, अशी ती मोजणी असते. काकांनी सुरुवातीच्या जिन्यावरच चार वेळा थांबवलं.

"एवढ्या बाबागाड्या एकदम? आईबाप कुठायत?"

आता 'अनटचेबल्स' सिनेमातली स्टेशनवरची एक बाबागाडी, तिच्याआधी १९२५च्या 'बॅटलशिप पोटेमकिन'मधला ओडेसाचा जिना, हे सगळं सांगत बसायचं? खरं तर इथे काकांचं थोडं बरोबर आहे. पहिल्या दोन भागांचा दिग्दर्शक डेव्हिड झकर होता, तिसऱ्याचा पीटर सीगल. आणि तिसऱ्यात दुसऱ्या सिनेमांवरची उधारी वाढली. मूळ ठाऊक नसेल तर उरतात नुसत्या घरंगळणाऱ्या गाड्या. शेवट ऑस्करच्या सोहळ्यात, लिफाफ्यात बॉम्ब. तो मात्र जमलाय.

सारखा आपटणारा पोलीस नॉर्डबर्ग म्हणजे अमेरिकन फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसन. सिनेमा मार्चमध्ये आला, जूनमध्ये त्याला दोन खुनांच्या आरोपाखाली अटक झाली. पुढच्या वर्षी ज्युरीने निर्दोष ठरवलं खरं, पण तो पडद्यावर आला की हसू घशातच अडकतं. नेमके याच प्रसंगांना काका खदाखदा हसले. त्यांना सांगितलं नाही.

"शेवटचाच ना हा? सुटलो!" म्हणत ते उठले.

२०२५ मध्ये लियाम नीसनला घेऊन आणखी एक आलाय. त्याच्या नावात आकडाच नाही. तेही अजून सांगितलेलं नाही.