काका, ३१ वर्षांत तुमच्या हातून एकही अपघात का झाला नाही?

पुण्यातल्या नवले पुलाच्या उताराबद्दल, तिथल्या अपघातांना रस्त्याची रचनाही जबाबदार आहे असं सांगणारा लेख मी लिहिला होता. त्याखाली एक प्रतिक्रिया आली आहे. लिहिणारे एस.टी.तून निवृत्त झालेले चालक आहेत, साताऱ्याकडचे. नाव त्यांनी दिलेलं नाही, मीही विचारलं नाही. आधी त्यांचे शब्द देतो:

“साहेब, ३१ वर्षं एस.टी.चं स्टिअरिंग धरलं. खंबाटकी, पसरणी, कुंभार्ली, सगळे घाट रात्रीचे मारले. एकही अपघात नाही. रस्ते तेव्हा आत्तापेक्षा वाईट होते. अपघात रस्ता करत नाही, माणूस करतो. तुम्ही खुर्चीत बसून इंजिनिअरला बोल लावताय आणि दारू पिऊन, मोबाईल कानाला लावून चालवणाऱ्याला मोकळं सोडताय. दंड दहापट करा, लायसन फाडून टाका, बघा कसे सुतासारखे सरळ येतात.”

काका, तुम्ही दिलेला पहिला टोला मान्य आहे. त्या लेखात दारू आणि मोबाईलबद्दल मी एक ओळही लिहिली नव्हती. उताराच्या नादात राहून गेलं. खुर्चीचं म्हणाल तर मी बसतो खुर्चीतच, पण आठवड्यातून दोनदा कऱ्हाड-पुणे करतो आणि तेही स्वतः गाडी चालवत. तेव्हा तुमच्याइतका नाही, तरी थोडा रस्ता माझ्याही टायरखालून गेला आहे.

आता माझं म्हणणं. तुमची ३१ वर्षं वाचून मला वाटलं, हे तर माझ्याच बाजूचे साक्षीदार निघाले.

तुम्ही कसबी चालक असणार यात शंका नाही. पण त्या ३१ वर्षांत तुमच्याभोवती काय काय उभं होतं ते आठवून बघा. भरती झाल्यावर थेट गाडी हातात मिळाली नाही, आधी प्रशिक्षण झालं. गाडी डेपोत परत आली की तुम्ही तक्रार लिहून द्यायचात, ब्रेक लागत नाहीत, स्टिअरिंग ओढतंय, आणि रात्रीतून वर्कशॉपमध्ये कुणीतरी त्या गाडीखाली शिरायचा. गाडीला वेगनियंत्रक होता, मनात आलं तरी शंभराने पळवता येत नव्हती. ड्युटी ठरलेली. मुक्कामी गाडी असली तर झोपायला जागा, भले ती ढेकणांची का असेना. अपघात झाला तर खात्याची चौकशी, आणि विनाअपघात सेवा झाली तर सत्कार. मागे कंडक्टर होता, दोन बेल पडल्याशिवाय गाडी हलत नव्हती. एस.टी.च्या सगळ्याच गाड्या धडधाकट होत्या असं नाही, आम्ही प्रवाशांनी त्यांची खिळखिळी हाडं मोजलेली आहेत. पण चुकून तुमची एक डुलकी लागली असती, तरी ती डुलकी येऊ नये आणि आलीच तर कमी वेगात यावी, अशी थोडीफार तजवीज कुणीतरी करून ठेवली होती.

आता नवले पुलावरचा ट्रक घ्या. नवा कात्रज बोगदा सोडला की पुण्याच्या दिशेने काही किलोमीटर सलग उतार आहे. उतार डोळ्यांना भयंकर दिसत नाही, आणि धोका तिथेच आहे. घाट दिसला की माणूस सावध होतो, इथे सहा पदरी सरळ रस्ता दिसतो. वरून येणारा चालक कर्नाटकातून किंवा त्याहून लांबून रात्रभर जागून आलेला. डिझेलचा हिशेब मालकाने खेपेवर बांधून दिलेला, वाचलं ते त्याचं. मग तो उतारावर गाडी न्यूट्रलला टाकतो, कधी इंजिनच बंद करतो. पुढचं तुम्हाला मी सांगायला नको, पण इतर वाचकांसाठी लिहितो. गिअर काढला की इंजिनाची ओढ गेली, सगळा भार ब्रेकवर. ब्रेकचे लायनर तापतात आणि तापलेला लायनर पकडत नाही. वर इंजिन बंद असेल तर ब्रेकला हवा पुरवणारा कॉम्प्रेसरही बंद. टाकीत आहे तेवढी हवा, प्रत्येक वेळी पाय दाबला की ती उतरते. पुलाअलीकडचा सेल्फी पॉइंट यायच्या आत पाय फळीला टेकतो आणि गाडी थांबत नाही. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री अशाच एका सुटलेल्या ट्रकने ओळीने कित्येक गाड्या ठोकरल्या. १३ नोव्हेंबर २०२५ ला पुन्हा तोच पट्टा, आग, आठ जणांचा बळी.

चूक कुणाची? चालकाची. शंभर टक्के. पण एकाच उतारावर वर्षानुवर्षं वेगवेगळ्या राज्यांतले, वेगवेगळ्या वयाचे चालक येऊन तीच चूक करत असतील, तर प्रत्येक वेळी नवा माणूस शोधून त्यालाच दोषी धरण्यात आपण किती वर्षं घालवणार?

तुमच्या ओळखीची जागा सांगतो. खंबाटकीचा बोगदा, साताऱ्याहून पुण्याकडे येताना. बोगद्यातून बाहेर पडलं की उतार आणि उतारावर ते इंग्रजी ‘एस’सारखं वळण. २०१८ च्या एप्रिलमध्ये तिथे टेम्पो कठड्यावर आदळून कर्नाटकातले १८ मजूर गेले. चालकाचा ताबा सुटला, असं छापून आलं. ताबा तिथेच का सुटतो, हे मात्र दर वेळी बातमीच्या बाहेर राहतं.

आकडे तुमच्या बाजूने आहेत असं कुणी म्हणेल. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर मेली, त्यातली १५,२२४ महाराष्ट्रात. आणि दहातल्या सात मृत्यूंमागे कारण नोंदलंय अतिवेग. पण ही नोंद कशी होते? आपल्याकडचा कुठलाही अपघाताचा एफ.आय.आर. काढून वाचा: “आपल्या ताब्यातील वाहन भरधाव वेगात, रहदारीच्या नियमांकडे दुर्लक्ष करून, हयगयीने, अविचाराने चालवून...” हे वाक्य हवालदाराला पाठ असतं. मोजपट्टी लावून वेग काढलाय असं क्वचितच. गुन्हा दाखल करायला माणूस लागतो, खचलेल्या साइडपट्टीवर किंवा गुल दिव्यांवर कलम लावायची सवय कुणाला नाही. खरं तर २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८ अ आलं आहे. रस्त्याची रचना किंवा देखभाल प्रमाणाप्रमाणे न केल्याने जीव गेला, तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड. एक लाख! एवढ्यात पन्नास मीटरचा कठडा तरी होतो की नाही कुणास ठाऊक. पण तेवढाही कुणी भरल्याचं तुमच्या ऐकण्यात आहे का?

वेग खोटा आहे असं मी म्हणत नाही. वेगच मारतो. ताशी ५० च्या वेगाने कशावर आदळणं म्हणजे साधारण दहा मीटरवरून, तिसऱ्या मजल्यावरून खाली पडणं. म्हणूनच मी त्याच्याकडे नशिबाची किंवा संस्काराची गोष्ट म्हणून बघत नाही.

माझीच गोष्ट सांगतो. तीन वर्षांपूर्वी, डिसेंबर, रात्रीचे साडेनऊ, सांगलीकडून येत होतो. गळीत हंगाम जोरात. वेग साठच्या आसपास, पोटात चहाशिवाय काही नाही, फोन खिशात. समोरून कुणीतरी अप्पर लावून आला, मी डोळे किलकिले केले, आणि तो गेल्यावर पुढ्यात काळोखाचाच एक तुकडा जास्त काळा दिसला. दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर, पंक्चर होऊन उभा. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, चाकाला लावलेला एक दगड तेवढा होता. कसा कोण जाणे, उजवीकडे कापली. डावा आरसा उसात अडकून तुटला. समोरून त्याच वेळी दुसरी गाडी आली नाही, म्हणून आज उत्तर लिहितोय.

घरी येऊन हिशेब केला. ताशी ६० म्हणजे सेकंदाला साडेसोळा मीटर. दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद धरा, मग कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकने आणखी २० मीटर. झाले ३५-४०. ऐंशीने असतो तर हेच ५८ च्या आसपास. आणि डोळ्यांवर अप्पर मारून गेलेल्या गाडीनंतर डिपरच्या उजेडात काय दिसतं ते तुम्हाला माहीत आहे. मी कुठलाही नियम मोडला नव्हता. मेलो असतो तर नोंद झाली असती अतिवेगाची, आणि तुम्ही म्हणाला असता, सावकाश नाही का चालवायची.

त्या ट्रॉलीवर शंभर-दोनशे रुपयांची लाल पट्टी असती तर ती मला लांबून दिसली असती. कारखान्याच्या गेटवर, काट्यावर गाडी घेतानाच बघायचं, पट्टी नाही तर माल उतरणार नाही. काही कारखाने हंगामाच्या सुरुवातीला पट्ट्या आणि लाल कापडं वाटतात, फोटोही छापून येतात. जानेवारीपर्यंत धुळीने आणि पाचटाने त्यांचं काय झालेलं असतं ते कुणी बघत नाही.

उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाकीवाल्यांवर तुमचा भारी राग असणार, माझाही आहे. पण हायवे गावाच्या मधून गेला, वस्ती या बाजूला, शाळा आणि डेअरी त्या बाजूला, आणि वळायची जागा दोन-तीन किलोमीटरवर. पहाटे दुधाची किटली घेऊन निघालेला माणूस ते दोन-तीन किलोमीटर जाऊन परत येईल असं नकाशा काढणाऱ्याने गृहीत धरलं. तो उलटाच येणार. नाहीतर ढाब्यासमोरचा दुभाजक एका रात्रीत फुटणार. तिथे भुयारी मार्ग दिला की त्याच गावची तीच माणसं सरळ जायला लागतात, त्यांना शिस्तीचं व्याख्यान द्यावं लागत नाही.

माणूस तोच ठेवून मृत्यू कमी होतात याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ साली १५१ जण गेले. त्या वर्षी जूनमध्ये एकट्या एका अपघातात १७, कडेला थांबलेल्या गाड्यांवर बस आदळून. त्याच सुमारास तिथे शून्य मृत्यूचं उद्दिष्ट धरून काम सुरू झालं. दुभाजकावर तारेच्या दोरांचे कठडे आले, उघडी टोकं आणि खांब झाकले, थांबलेल्या गाड्या हटवणं, गस्त, रुग्णवाहिका यांकडे लक्ष दिलं गेलं. पुढच्या काही वर्षांत आकडा शंभराच्या खाली आला. शून्य अजून लांब आहे, आणि लेन तोडणारे महाभाग तुम्ही आम्ही रोज बघतो. पण त्या मुदतीत मुंबईकर आणि पुणेकर सुधारले, असं म्हणायला मी काही धजावणार नाही. विशेषतः पुणेकरांबद्दल. जानेवारी २०१९ मध्ये हेल्मेटच्या विरोधात मोर्चा काढणारं गाव आहे ते.

स्वीडनने १९९७ मध्ये संसदेत हेच धोरण म्हणून मंजूर केलं. माणूस चुकणार, पण त्याची शिक्षा मरण असता कामा नये, आणि तशी सोय करणं हे रस्ता बांधणाऱ्याचं काम. त्या वर्षी तिथे ५४१ मृत्यू होते, २०२० मध्ये २०४. देश छोटा, श्रीमंत, थंड, तुलना पूर्ण लागू नाही. तत्त्व मात्र डांबराइतकंच इथेही लागू पडतं.

हेल्मेट आणि सीटच्या पट्ट्यावर आपलं भांडण नाही. २०२२ साली हेल्मेट नसलेले ५०,०२९ जण गेले. मागच्या सीटवर पट्टा कशाला, असं म्हणणाऱ्यांना दोनच नावं सांगावीत. गोपीनाथ मुंडे, जून २०१४, दिल्ली. सायरस मिस्त्री, सप्टेंबर २०२२, पालघरमधला सूर्या नदीचा पूल. दोघेही मागे बसलेले, पट्टा नाही. मिस्त्रींच्या गाडीत पुढे बसलेले दोघे वाचले. आणि त्याच ठिकाणी तीन पदरांचा रस्ता पुलावर दोन पदरी होत होता. एकाच अपघातात तुमचं आणि माझं, दोघांचं म्हणणं आहे बघा.

दहापट दंडाचं मला पटत नाही. दंड किती, यापेक्षा तो नक्की होणार का, याने माणूस वळतो. आज चलन मोबाईलवर येतं आणि लोक लोकअदालतीत सूट मिळेपर्यंत ते पाडून ठेवतात. पाचशे रुपये दर वेळी, त्याच आठवड्यात खात्यातून गेले तर दहा हजारांच्या धमकीपेक्षा जास्त काम होईल. लायसन्स फाडायचं तर आधी ते देताना बघा. मैदानात आठचा आकडा काढला की झालं, घाट उतरवून दाखव असं मालट्रकच्या परीक्षेत कुणी म्हणत नाही.

त्यावरून आठवलं. ज्या गिअरवर घाट चढला त्याच गिअरवर उतरवायचा, हे जुने चालक सांगतात. तुम्हाला ते प्रशिक्षणात शिकवलं होतं की सोबतच्या कुणी सांगितलं? आणि दुसरं, ब्रेकची तक्रार लिहून दिल्यावर ‘आज एवढी फेरी मारून या’ असं डेपोत कधी म्हणाले का, आणि म्हणाले तेव्हा तुम्ही काय केलंत? डिझेलच्या सरासरीचा तगादा तुमच्याही मागे असणार, तरी कात्रजच्या जुन्या घाटात तुम्ही गाडी न्यूट्रलला टाकली नसणार. का? हे सविस्तर लिहून पाठवा, तुमच्याच शब्दांत, नाव नको असेल तर नको. टायपिंगचा कंटाळा असेल तर बोलून रेकॉर्ड करा, मी उतरवून घेईन. पुढच्या महिन्यात नवले पुलाच्या उतारावर पहाटे दोन-तीन तास उभं राहून चालकांशी बोलायचा विचार आहे. साताऱ्याहून येणार असाल तर वाटेत तुम्हाला घेतो. गाडी तुम्ही चालवा.